तुम्ही विचारलंत म्हणून : आगीचा नवा बंब का नाही घेतला?

सभासदांच्या वार्षिक सभेत विचारलं गेलं, लग्नाकार्यात मेव्हणा विचारतो ("काय दाजी, जुनाच बंब रंगवून ठेवला म्हणे तुम्ही"), आणि आता तर शेजारच्या नगरपरिषदेचे लोकपण गाडी बघायला येतात आणि चहा यायच्या आत तोच प्रश्न, की एवढा मोठा साखर कारखाना तुमचा, मग नवा बंब घ्यायचा सोडून जुन्याच्याच मागे का लागलात. मी इथे मेन्टेनन्सला आहे, गाडी माझ्याच वर्कशॉपमध्ये खोलली, त्यामुळे उत्तर मलाच द्यावं लागतं. तोंडी सांगून कंटाळा आला म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी गाडी कुठली ते सांगतो. टाटा १६१३ ची चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा), २००७ ची, वर ४५०० लिटरची टाकी आणि मागे गनमेटलचा (सहसा न गंजणाऱ्या मिश्रधातूचा) सेंट्रिफ्यूगल पंप, ७ किलो प्रेशरला मिनिटाला १८०० लिटर पाणी देणारा. इंजिन टाटाचं ६९७ मॉडेलचं. ट्रकवाल्यांना यातच सगळं कळलं असेल, कारण या इंजिनाचं सामान तालुक्याच्या ठिकाणी मिळतं आणि ते डोळे झाकून खोलणारा मिस्त्री हायवेच्या कुठल्याही कोपऱ्यावर सापडतो. डिझेल पंप मेकॅनिकल, सेन्सर नाही, लॅपटॉप लावून फॉल्ट बघायची भानगड नाही.

आता ४५०० ला १८०० ने भागा. अडीच मिनिटं! पंप पूर्ण ताकदीने चालवला तर एवढी मोठी टाकी अडीच मिनिटांत कोरडी होते. होज रीलने (गाडीवरच्या गुंडाळलेल्या बारीक पाइपाने) बेताने मारलं तर बराच वेळ पुरते, पण मोठ्या आगीत होज रीलचं काय चालणार. म्हणजे टाकीतलं पाणी फक्त सुरुवात करून देतं, खरं काम पुढे विहिरीतून, कॅनॉलमधून, नाहीतर आमच्या तळ्यातून पाणी ओढून करायचं असतं, आणि तिथे गाडी नवी आहे का जुनी हे आग विचारत नाही, पंप पाणी उचलतो का नाही एवढंच.

आमच्याकडे आग लागते ती दोन ठिकाणी. एक बगॅसच्या (रस काढून उरलेल्या उसाच्या चोथ्याच्या) यार्डात. बगॅसचा ढीग आतून तापतो, धुमसत राहतो, वरून पाणी मारलं तर वरचा थर भिजतो आणि आत निवांत चालू राहतं, लोडर लावून ढीग फोडायचा आणि फोडत फोडत पाणी मारायचं, हे तासन् तास चालतं. दुसरं म्हणजे उसाचे फड. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाचट वाळून कडक झालेलं, वरून लाइटच्या तारा, वारा सुटला की तारेला तार लागते आणि ठिणगी खाली पडते. मग आधी चिटबॉयचा (उसाच्या नोंदी ठेवणाऱ्या आमच्या गावोगावच्या माणसाचा) फोन, मग गट ऑफिसचा, मग ज्याचा फड त्याचा, आणि त्याच्या आवाजावरून कळतं की नुकसान किती आहे, कारण जळालेला ऊस लगेच तोडावा लागतो, वजन घटतं, साखरेचा उतारा पडतो आणि वर पेमेंटमध्ये जळिताची कपात. अशा वेळी पंप दोन-तीन तास सलग चालू असतो. गाडी मात्र जागची हललेली नसते. म्हणून बंबाचं किलोमीटर बघून कुणी वय ठरवत असेल तर ते चूक आहे, आमच्या गाडीचं मीटर बघून कोणीही म्हणेल हिला अजून काय झालंय, पण इंजिन उभ्या उभ्या पीटीओवर (इंजिनाची ताकद पंपाला देणाऱ्या जोडावर) किती तास राबलंय हे मीटरमध्ये येत नाही.

तर गाडीला झालं काय होतं? टाकी संपली होती. एमएसची (साध्या लोखंडी पत्र्याची) टाकी, आतून गंजलेली, बॅफल प्लेटच्या (टाकीतल्या पाणी अडवणाऱ्या पडद्यांच्या) वेल्डिंगजवळ आणि ड्रेनच्या भोवती पत्रा कागदासारखा झालेला, आणि त्यावर वर्षानुवर्षं ठिगळं. शिवाय कधीतरी कुणीतरी टाकी थेट चेसिसला आवळून टाकलेली. शेताच्या रस्त्याला चेसिस पिळवटते, ती पिळवटायलाच पाहिजे, ट्रकची चेसिस तशीच बनवलेली असते, पण वर टाकी घट्ट असेल तर तो पीळ सगळा टाकीच्या सांध्यात जातो आणि सांधे फुटतात. लोक म्हणायचे वेल्डिंग टिकत नाही, वेल्डिंगवाला बदला! वायरिंग उंदरांनी खाल्लेलं (साखर कारखान्यातले उंदीर, म्हणजे बघायलाच नको). एअर ब्रेकची हवा रात्रीतून उतरायची, म्हणजे सायरन झाला की ड्रायव्हर गाडी चालू करून हवा बनायची वाट बघत बसणार. आणि पंप पाणी उचलायला इतका वेळ घ्यायचा की पोरं तोवर बादल्या घेऊन पळायची.

आणि चांगलं काय होतं? चेसिस. साफ करून, घासून, इंचाइंचाने बघितली, कुठे चीर नाही, वाक नाही, जुनं वेल्डिंग नाही. इंजिन, गिअरबॉक्स, मागच्या चाकांचं हाउसिंग ठीक. पंपाची गनमेटलची बॉडी ठणठणीत. म्हणजे महागातलं सगळं शाबूत आणि बिघडलेलं सगळं असं की जे आमचा कारखाना दर वर्षी करतोच. हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. साखर कारखाना म्हणजे सहा महिने चालवायचा आणि उरलेले महिने खोलून परत जोडायचा. मिल खोलतात, रोलर उतरवतात, शाफ्ट लेथवर चढवतात, स्टेनलेसच्या पाइपलाइनी आर्गनने वेल्ड करतात. हे टर्नर, फिटर, वेल्डर ऑफ सिझनला घरातच असतात. हीच गाडी एखाद्या सोसायटीने नाहीतर छोट्या कंपनीने बाहेर दुरुस्तीला दिली असती तर मी म्हणलो नसतो करा म्हणून.

पंपापासून सुरुवात केली. खोलला तर इंपेलर (पाणी फेकणारा आतला पंखा) चांगला, पण त्याच्याभोवतीच्या वेअर रिंगा झिजलेल्या, म्हणजे दाबलेलं पाणी आतल्या आत परत मागे फिरत होतं. शाफ्टवरच्या स्लीव्हला (शाफ्ट झिजू नये म्हणून घातलेल्या नळीला) बोट फिरवलं तर नख अडकेल एवढी चरी पडलेली. ही चरी का पडते ते सांगतो, कारण हे प्रत्येक बंबावर होतं. पंपाच्या शाफ्टभोवती ग्लँड पॅकिंग असतं, दोरीसारखं, आणि पंप चालू असताना तिथून थेंब थेंब पाणी गळायलाच पाहिजे, त्या पाण्यानेच पॅकिंग थंड राहतं. पण गळतंय म्हणलं की आपल्याकडे पान्याला हात जातो. कुणीतरी साहेब व्हिजिटला येणार असतो, खाली पाण्याचं थारोळं बरं दिसत नाही, मग आवळा नट. थेंब थांबला, सगळे खूष, आणि पॅकिंग आत शाफ्टला जाळत बसतं. आमच्या टर्नरने नवी स्लीव्ह काढली, नव्या रिंगा बसवल्या, पॅकिंग नवं भरलं आणि ग्लँडजवळ पाटी लावली : इथून पाणी गळू द्या. तरी पहिल्या महिन्यात एकाने आवळलंच.

मग सक्शन. प्रायमर म्हणजे पाणी यायच्या आधी पाइपातली हवा काढणारं यंत्र, त्याच्यावर सगळा खेळ. हवेच्या दाबाने पाणी कागदावर १० मीटर चढतं, प्रत्यक्षात ७ मीटरपर्यंत भरवसा धरायचा. आमचा प्रायमर बरा होता हो, हवा शिरत होती ती सक्शन होजच्या कपलिंगच्या वॉशरमधून आणि पंपाच्या एका ड्रेन कॉकमधून. वॉशर म्हणजे किरकोळ किमतीची वस्तू, आणि त्याच्यासाठी "पंप गेला, गाडी बदला" अशी चर्चा वरपर्यंत गेलेली. सक्शनचं तोंड बंद करून व्हॅक्यूम बनवायचा, इंजिन बंद करायचं आणि गेजकडे बघत उभं राहायचं, काटा कुठे सरकतो ते कळतं. आता ही टेस्ट दर आठवड्याला होते आणि रजिस्टरला लिहिली जाते.

टाकी नवीन केली, ३०४ स्टेनलेसची, आत बॅफल उभे-आडवे नीट. बॅफल नसले की अर्ध्या भरलेल्या टाकीतलं पाणी वळणावर गाडीला ढकलतं, ड्रायव्हरला विचारा. टाकी आता रबराच्या पॅडवर आहे आणि माउंटिंगला हलायला वाव ठेवलाय, त्यामुळे चेसिस पिळली तरी टाकीला पत्ता लागत नाही. वायरिंग सगळं नवं. ब्रेकच्या हवेची गळती तर काढलीच, वर शेडमध्ये कारखान्याच्या कॉम्प्रेसरची एक लाइन आणून गाडीला जोडून ठेवली, बॅटरीला चार्जर लावून ठेवला, दोन्हीला झटकन सुटणारे जोड. सायरनला गाडी चालू केली की लगेच निघते. सगळ्या कामात हे सगळ्यात स्वस्त आणि मला विचाराल तर सगळ्यात फायद्याचं.

टायरवर मात्र भांडण झालं. स्टोअरवाले म्हणाले नक्षी पूर्ण आहे, टायर नवे कशाला. नक्षी राहणारच, गाडी फिरतेच किती! पण टायरच्या बाजूला चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. त्यांना खाली वाकून वाचायला लावला. रबर उन्हाने आणि वयाने मरतं, बाजूला बारीक भेगा दिसत होत्या, आणि या टायरवर साडेचार टन पाणी घेऊन शेताच्या बांधावरून जायचं होतं. टायर बदलले.

सगळं झाल्यावर गाडी टाकी भरून, माणसं बसवून आमच्याच वजनकाट्यावर घेतली, आधी नुसती पुढची चाकं, मग मागची, मग अख्खी. १६१३ मधले १६ म्हणजे १६ टन, त्याच्या आत बसलो. हे मुद्दाम लिहितोय, कारण दुरुस्तीच्या नादात लोक वर लोखंड चढवत जातात, इकडे पेटी, तिकडे शिडी, मागे जनरेटर, आणि मग ब्रेक लागत नाही म्हणून ओरडतात. शिवाय गाडीत मूळ बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते, म्हणून टाकीची क्षमता, व्हीलबेस, बॉडीची मापं काही बदललं नाही.

खर्च नव्या गाडीच्या कोटेशनच्या साधारण चौथाईत बसला असं मी सभेत सांगितलं आणि टाळ्या पडल्या, पण खरं सांगायचं तर त्यात मजुरी धरलेली नाही, माणसं पगारावरच होती. धरली तर आकडा वाढतो, तरी निम्म्याच्या खूप खालीच राहतो. पैशापेक्षा वेळ महत्त्वाचा होता. नवीन म्हणजे टेंडर, चेसिस बुकिंग, मग बॉडी बिल्डरकडे रांग, मग तपासणी, यात अख्खा हंगाम गेला असता आणि आम्हाला गव्हाणीत मोळी पडायच्या, म्हणजे हंगाम सुरू व्हायच्या आत गाडी शेडमध्ये उभी पाहिजे होती.

नवी गाडी वाईट असं मी म्हणत नाही हां. तिच्यात एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) येतं, केबिन बरी, स्टिअरिंग हलकं, धूर कमी. आमच्या गाडीत एबीएस नाही आणि ते मागून बसवण्यासारखं नाही, मागच्या सीटला बेल्ट नव्हते ते आम्ही बसवले, पण जुनं ते जुनंच. २०२० नंतरच्या बीएस ६ गाड्यांना युरियाचं पाणी लागतं, ते संपलं की इंजिन ताकद कमी करतं, त्याचा धाक आमच्या ड्रायव्हरना उगाच जास्त वाटतो, टाकी भरून ठेवली की प्रश्न येत नाही.

आता नगरपरिषदेच्या मंडळींसाठी. तुम्ही आमचं बघून तसंच करू नका. केंद्राच्या नियमाने १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि नगरपालिका-महापालिकांच्या १५ वर्षं झालेल्या गाड्यांचं रजिस्ट्रेशन पुढे चालत नाही, आणि त्यात सूट आहे ती देशाच्या संरक्षणाच्या आणि कायदा-सुव्यवस्थेच्या खास गाड्यांना. आम्ही सहकारी कारखाना, आम्हाला ते कलम लागत नाही, आमची गाडी दर वर्षी पासिंगला (आरटीओच्या तपासणीला) उभी राहते आणि पास होते तोवर चालते. तुमची गाडी बारा-तेरा वर्षांची असेल तर तिच्या टाकीवर लाखो रुपये घालून दोन-तीन वर्षांत भंगारात द्यायची, हा कसला हिशोब! नियम चांगला का वाईट यावर मला विचाराल तर एका मापाने सगळ्यांना मोजलंय असं वाटतं, रोज धावणारी कचऱ्याची गाडी आणि शेडमध्ये उभा बंब यांची पंधरा वर्षं सारखी कशी, पण दुसऱ्या बाजूने बघा, नियम नसता तर कितीतरी गावांत ठिगळं लावलेल्या टाक्या अजून फिरल्या असत्या. गाडी सात-आठ वर्षांची असेल तर मात्र आत्ताच पंप खोला, वॉशर बदला, टाकीत माणूस उतरवून टॉर्च मारून बघा.

आणि गाडी पंधराला पोचलीच असेल तर पंप भंगारात घालू नका. चेसिसचं वय कागदावर संपतं, गनमेटलचा पंप नीट ठेवला तर पुढच्या गाडीला चालतो, फक्त नव्या चेसिसच्या पीटीओचा स्पीड त्याला जुळतो का ते आधी बघून घ्या. आमचापण विचार तोच आहे. अजून चार-पाच हंगाम ही चेसिस पासिंगला टिकेल असं दिसतंय, नंतर सामान मिळेनासं झालं किंवा चेसिसला कुठे चीर दिसली तर नवी घेऊ. टाकी तेव्हाही हीच वापरायची, म्हणून माउंटिंगला कुठेही वेल्डिंग केलेलं नाही, सगळे बोल्ट आहेत, वर क्रेनने उचलायला चार कड्या ठेवल्यात, आणि ड्रॉइंग वर्कशॉपच्या कपाटात आहे.