बेस्टचं दुसरं लिव्हर

२५ नोव्हेंबर २०२५

मँचेस्टर युनायटेडचा फुटबॉलपटू जॉर्ज बेस्टला जाऊन आज वीस वर्षं झाली. ज्यांनी फुटबॉलचा एक सामनाही धड पाहिलेला नाही, त्यांनाही त्याची एक गोष्ट ठाऊक असते: दारूने लिव्हर गेलं, कुणा अनोळखी माणसाचं बसवलं, आणि हा परत प्यायला लागला. विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. 'बिचारा, आजारच वाईट' हा एक. 'एवढा पैसा, एवढं नाव, वर दुसऱ्याचं लिव्हर फुकट घालवलं, याची कसली दया करायची' हा दुसरा. व्यसनमुक्तीच्या कामात मुरलेली माणसं यातला एकही सूर धरत नाहीत. का धरत नाहीत, ते आज नीट लिहून ठेवायचंय.

आधी तारखा. ३० जुलै २००२ ला लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये प्रत्यारोपण झालं. पुढच्याच वर्षी तो पुन्हा पबमध्ये दिसू लागला. फेब्रुवारी २००४ मध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल लायसन्स २० महिन्यांसाठी गेलं. ऑक्टोबर २००५ मध्ये किडनीचा संसर्ग घेऊन क्रॉमवेल हॉस्पिटलात भरती, आणि २५ नोव्हेंबरला सगळे अवयव निकामी होऊन मृत्यू. वय ५९. नवं लिव्हर शरीराने नाकारू नये म्हणून जन्मभर ज्या गोळ्या घ्याव्या लागतात, त्यांनी प्रतिकारशक्ती दबते. तो संसर्ग त्यातूनच आला होता.

प्रत्यारोपणाने लिव्हर बदलतं, दारूची ओढ मेंदूत असते. हे वाक्य सगळे म्हणतात, पण त्याच्या पुढची पायरी फार कमी जण सांगतात. पोटात पाणी झालेला, कावीळ चढलेला, अन्नाच्या वासानेही उलटी येणारा माणूस पिऊ शकत नाही, म्हणून थांबलेला असतो. घरच्यांना वाटतं, सुटली. नवं लिव्हर बसलं की दोन-तीन महिन्यांत भूक लागते, झोप येते, चेहऱ्यावर रंग येतो, आणि पिण्याची ताकदही परत येते. म्हणून तब्येत सुधारू लागते ते दिवस सगळ्यात धोक्याचे. सर्जरीच्या फॉलोअपला तारखा, रक्ताचे रिपोर्ट, गोळ्यांचं वेळापत्रक असं सगळं असतं. व्यसनाच्या फॉलोअपला तितकंच काटेकोर वेळापत्रक लागतं, ते बहुतेकदा 'आता नको हं पिऊस' एवढ्यावरच उरकलं जातं.

बेस्टच्या पोटात प्रत्यारोपणाआधी डायसल्फिरामच्या गोळ्या टाके घालून बसवल्या होत्या. आपल्याकडे हे औषध बऱ्याच घरांना माहीत आहे. शरीरात दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं आणि मग त्याचा पुढे निचरा होतो. डायसल्फिराम तो निचरा अडवतं. मग घोटभर घेतली तरी चेहरा लाल, छाती धडधडते, उलट्या, ब्लडप्रेशर खाली. रोजची गोळी साधारण २५० मिलिग्रॅमची असते. त्वचेखाली किंवा पोटात पुरलेल्या गोळीतून औषध इतकं कमी सुटतं की भीतीपलीकडे तिचा फारसा उपयोग होत नाही. भीती ओसरते. रोज सकाळी बायकोसमोर किंवा भावासमोर स्वतःच्या हाताने घेतलेली गोळी जास्त टिकते, कारण तिथे माणूस रोज एकदा ठरवतो.

या सगळ्याचं मर्म मला इथेच दिसतं. रात्री नऊला समोर आलेल्या ग्लासाशी झगडायची ताकद दारुड्याकडे नसते. त्या क्षणाला 'मनावर घे' म्हणणं म्हणजे दमेकऱ्याला धाप लागल्यावर श्वास घे म्हणणं. पण सकाळी दहाला तोच माणूस शुद्धीवर असतो. आज कुठे जायचं, कुणाबरोबर, खिशात किती, गाडीची चावी कुणाकडे, गोळी घेतली का, दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जायचं का, हे तेव्हा ठरतं. त्याची जबाबदारी या शुद्धीतल्या तासांची. बेस्टची आई चाळिशी उलटेपर्यंत दारूला शिवली नव्हती, आणि १९७८ मध्ये दारूनेच गेली. जुळ्यांच्या अभ्यासांवरून या आजाराचा साधारण निम्मा धोका रक्तातून येतो असं धरतात. रक्त त्याने निवडलं नव्हतं. पण मँचेस्टरमध्ये नाइटक्लब काढणं आणि कॅलिफोर्नियात हर्मोसा बीचला भागीदारीत बार चालवणं हे निर्णय शुद्धीत, कागदांवर सह्या करून झाले होते. दोष द्यायचाच तर मी त्या सह्यांना देईन, आणि शेजारी बसून त्या करवून घेणाऱ्यांनाही.

पैशाबद्दल लोक म्हणतात, 'गरिबाला दुःख असतं म्हणून पितो, याला काय कमी होतं?' प्रश्नच चुकतो. पैसा आजार आणत नाही, तो आजार झाकतो. साध्या घरात दारू लवकर उघडी पडते. पंधरा तारखेला पाकीट रिकामं, वाण्याकडे उधारी थकलेली, कंपनीतून मेमो, मग बायको आणि मेहुणा मिळून डॉक्टरकडे ओढत नेतात. श्रीमंत खेळाडूच्या आयुष्यात या खुणा दिसायला दहा-दहा वर्षं लागतात. चालायची शुद्ध नसली तर ड्रायव्हर असतो. सराव चुकला तर मॅनेजर 'व्हायरल आहे' म्हणून कळवतो. हॉटेलचं बिल दुसराच कुणी भरतो. टोळक्यातल्या निम्म्यांचं घर त्याच्यावर चालतं, त्यांनी त्याला नाही कसं म्हणावं? आणि तो मजेदार बोलतो. बेस्टचे दारूवरचे विनोद आजही लोक चवीने सांगतात. आजारी माणसाच्या लक्षणांवर सभागृह हसत होतं, आणि तेही सहानुभूतीच्या नावाखाली.

खेळाडूचं शरीर त्यात आणखी फसवतं. थोडा हिशेब मांडून पाहावा. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची. ६० मिलिलिटरच्या लार्जमध्ये शुद्ध अल्कोहोल साधारण २० ग्रॅम. १८० ची क्वार्टर म्हणजे ६० ग्रॅम, ७५० चा खंबा अडीचशे ग्रॅमच्या आसपास. लिव्हर तासाला सुमारे ७ ते १० ग्रॅम निपटतं. लिंबूपाणी, कॉफी, गार आंघोळ, घाम गाळणं यांनी हा वेग वाढत नाही. रात्री नऊ ते बारा दोन क्वार्टर झाल्या तर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत तरी ती पुरती उतरत नाही, कुणाकुणाची दुपारी दोनपर्यंतही नाही, आणि सकाळी सातला नेट्स असतात. पंचविशीतला दणकट माणूस तरीही चेंडू मारतो. सगळे म्हणतात, 'पितो, पण काय खेळतो!' दारू चढत नाही याचं कौतुक होतं. खरं तर न चढणं हीच आजाराची पहिली खूण.

रक्ताचा रिपोर्टही चकवतो. जोरदार व्यायामाने स्नायूंमधून एसजीओटी आणि एसजीपीटी ही लिव्हरच्या तपासणीतली एन्झाइम्स वाढतात, त्यामुळे टीमचा डॉक्टर 'ट्रेनिंगमुळे असेल' म्हणून बाजूला ठेवतो. त्याच तपासणीतलं जीजीटी व्यायामाने सहसा वाढत नाही. खेळाडूच्या रिपोर्टमध्ये ते चढलेलं असेल, लाल पेशींचा आकार म्हणजे एमसीव्हीही वाढला असेल, तर दारूबद्दल सरळ विचारावं. उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीवर विसंबू नये. २०१८ पासून दारू जागतिक प्रतिबंधित यादीत कुठल्याच खेळासाठी नाही.

याच्या उलट एक उदाहरण अमेरिकेतल्या बेसबॉलमधलं. सीसी सबाथिया हा न्यूयॉर्क यांकीजचा डावखुरा पिचर. २००८ च्या अखेरीस ७ वर्षांचा १६ कोटी १० लाख डॉलरचा करार झालेला. पिचरला साधारण पाच दिवसांतून एकदा फेकायचं असतं, आणि दारू त्या वेळापत्रकात चपखल बसली होती. सामना झाला की पिण्याचे दिवस, पुढच्या सामन्याआधी कोरडे दिवस. असं ठरवून पिणाऱ्याला वाटतं, लगाम आपल्या हातात आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये बाल्टिमोरला संघ असताना तो मोडला, आणि हंगामाच्या शेवटच्या दिवशी त्याने मॅनेजरला जाऊन सांगितलं, मला उपचार हवेत. दोनच दिवसांनी, ६ ऑक्टोबरला, संघाचा बाद फेरीचा सामना होता. निवेदनात त्याने आजाराचा आडोसा घेतला नाही, उत्तरदायित्वाची भाषा वापरली. यांकीज तो सामना ३-० ने हरले. चाहत्यांतले काही चिडले, 'चार आठवडे थांबता आलं नसतं?' या आजारात थांबता येत नाही. 'मालिका संपू दे' म्हणून पुढे ढकललेला दिवस सहसा येत नाही. क्लबने त्याला अडवलं नाही, ही माझ्या लेखी सहानुभूती. पुढे तो २०१९ पर्यंत खेळला, ३००० स्ट्राइकआउट्सचा, म्हणजे चेंडू हुकवून बाद केलेल्या फलंदाजांचा, टप्पा ओलांडला, आणि २०२५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये निवडला गेला.

आपल्याकडे डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कवर आचरेकर सरांच्या स्मारकाच्या अनावरणाचा व्हिडिओ घरोघरी फिरला, आणि विनोद कांबळींवर दया आणि शिव्या एकाच वेळी बरसल्या. १९८३ च्या संघातल्या खेळाडूंनी मदत देऊ केली, पण आधी त्याने स्वतः उपचारांना जायला हवं, अशी अट घातली. काहींना ती निर्दयी वाटली. मला अट रास्त वाटते. मात्र अशी अट कुणीही घातली तरी तिच्यासोबत तपशील लागतो: कुठलं केंद्र, कोणता वार, सोबत कोण येणार, तिथल्या खर्चाची सोय काय, मुलांच्या फीचं काय. नुसतं 'सुधार, मग ये' म्हणजे बंद दार.

तपशील साधारण असा असावा.

रोज पिणाऱ्याने घरात एकदम बंद करू नये. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भास, बडबड, अंगावर किडे फिरल्यासारखं वाटणं, ताप. यात जीव जातो. म्हणून पहिला आठवडा हॉस्पिटलमध्ये, डॉक्टरांनी ठरवून कमी करत नेलेल्या गोळ्यांवर काढायचा. लिव्हर खराब असेल तर गोळीही निराळी लागते. आणि सलाइनमधून ग्लुकोज देण्याआधी थायमिन, म्हणजे बी-१, द्यायला हवं. ते राहिलं तर डोळे, तोल आणि स्मरणशक्तीवर कायमचा घाव बसू शकतो.

हे पाच-सात दिवस म्हणजे उपचार नव्हेत, उपचारांची नुसती तयारी. श्रीमंत पेशंट नेमका इथेच डिस्चार्ज घेतो. त्याला बरं वाटत असतं, आणि मॅनेजरने शूटिंगची तारीख दिलेली असते. पुढचा किमान महिना केंद्रात, स्वतंत्र आलिशान खोली आणि दोन फोन न घेता. आपल्याकडच्या चांगल्या व्यसनमुक्ती केंद्रांत आपलं ताट आपण घासायचं, पहाटे उठायचं, गटात बसून बोलायचं, हे सगळ्यांना सारखंच. ज्याची बॅगही वर्षानुवर्षं दुसऱ्याने उचलली त्याला ते ताट जड जातं, आणि त्यानेच फरक पडतो. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून कुटुंबालाही सोबत घेऊन हे काम करतंय. मोठ्या नावाला 'खास' वागणूक मागणाऱ्या नातेवाइकांनी तिथल्या समुपदेशकांशी तासभर बोलावं.

दारू सोडवायची पावडर नकळत भाजीत घालू नये. जाहिराती भिंतीभिंतीवर असतात, पुडीत काय आहे ते कुणी सांगत नाही. डायसल्फिराम असेल तर त्या रात्री तो प्यायल्यावर ब्लडप्रेशर कोसळून मरूही शकतो. आणि वाचला तरी घरच्या जेवणावरचा त्याचा विश्वास उडतो. ते औषध सांगून, लिव्हरची तपासणी करून, शेवटच्या पेगनंतर किमान १२ तासांनी सुरू होतं आणि बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असर ठेवतं. कफ सिरप आणि आफ्टरशेव्हसुद्धा तोपर्यंत लांब ठेवायचे.

मग खेळाडूच्या खास गोष्टी. दौऱ्यावर चेक-इनच्या आधी मिनीबार रिकामा करायला सांगायचा. खोली एकट्याची नको. विजयानंतरच्या शॅम्पेनच्या वेळी त्याला ड्रेसिंग रूममधून कोण बाहेर नेणार, त्याचं नाव आधीच ठरलेलं असावं. मोठ्या रकमेच्या व्यवहाराला एक वर्ष दुसऱ्या सहीची अट, पण ती दुसरी सही पगारावर असलेल्याची नको. निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष तर फार जपावं. सकाळी सातला कुठे जायचं, हा प्रश्न तोवर त्याच्या आयुष्यात कधी आलेलाच नसतो.

जबरदस्तीने उचलून नेणाऱ्या केंद्रांच्या नादी लागू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूशी निगडित मानसिक आजारही येतात, त्यामुळे पेशंटच्या मर्जीविरुद्ध भरती करायची तर कायद्याने घालून दिलेल्या पायऱ्या आणि मुदती पाळाव्या लागतात. कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल तर सरकारी १४४४६ हा क्रमांक आहे.

आणि स्लिप, म्हणजे सोडल्यावर एखाद्या रात्री पुन्हा पिणं. ती होऊ शकते हे पहिल्या दिवशीच मोकळेपणाने बोलावं. एका रात्रीची स्लिप आणि महिनाभराचा रिलॅप्स यांत फरक पडतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलं याने. लपवलं तर रिलॅप्स. चोवीस तासांत समुपदेशकाला फोन गेला तर पुष्कळदा तिथेच थांबतं. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी एका कागदावर तीन नावं, तीन नंबर, कुठल्या हॉस्पिटलला जायचं ते, आणि तोवर चेकबुक नि चावी कुणाकडे राहील ते लिहून घ्यावं. एक प्रत त्याच्याकडे, एक घरी, एक क्लबच्या डॉक्टरकडे.