आरमधलं पहिलं पॅकेज : ‘लाखकोटी’ कुठवर आलंय

मंडळी, आर या सांख्यिकीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत मी लिहिलेल्या पहिल्या पॅकेजचा (इतरांनाही वापरता येईल अशा फंक्शनांच्या संचाचा), ‘लाखकोटी’चा, चेक म्हणजे आपोआप होणारी तपासणी अखेर स्वच्छ आली. शून्य एरर, शून्य वॉर्निंग, शून्य नोट. आरमध्ये वर्षानुवर्षं स्क्रिप्टा पाडणारे, पण पॅकेज म्हटलं की ‘ते आपलं काम नव्हे’ म्हणणारे इथे बरेच आहेत. मीही त्यातलाच. म्हणून आतापर्यंतचं जरा सविस्तर लिहितो.

पॅकेजचं काम एवढंच : आकड्यांना आपल्या पद्धतीने स्वल्पविराम द्यायचे, म्हणजे १२,३४,५६७ असे, आणि हवं असेल तर अंक देवनागरीत काढायचे. आरच्या फॉरमॅट आणि प्रेटीनम या फंक्शनांमध्ये स्वल्पविरामाची सोय आहे, किती अंकांनंतर द्यायचा तेही सांगता येतं. पण ते अंतर एकच. तीन म्हटलं की शेवटपर्यंत तीनच. आपला पहिला गट तीनचा आणि पुढचे सगळे दोन-दोनचे, ते तिथे बसत नाही.

गरज निघाली मामामुळे. मामा एका पतसंस्थेचे हिशेब बघतो आणि वार्षिक अहवालातले तक्ते माझ्याकडून करून घेतो. ठेवी, कर्जं, थकबाकी, सगळं मराठीत आणि मराठी अंकांत. दरवर्षी मी जुन्या स्क्रिप्टमधला तोच तुकडा नव्या स्क्रिप्टमध्ये चिकटवायचो. यंदा ठरवलं की याचं नीट पॅकेज करायचं.

सांगाडा उभा करणं अगदीच सोपं आहे, त्यावर वेळ घालवत नाही. युझदिस या मदतनीस पॅकेजला फोल्डरचं नाव दिलं की डिस्क्रिप्शन (पॅकेजची माहिती), नेमस्पेस (बाहेर वापरायला दिलेल्या फंक्शनांची यादी) आणि कोडसाठी आर नावाचं फोल्डर तयार. आवृत्ती आपोआप ०.०.०.९००० पडते, शेवटचा ९००० म्हणजे अजून काम चालू आहे. मग डेव्हटूल्स या पॅकेजचं चक्र : फंक्शन लिहा, लोड-ऑल करा, वापरून बघा, डॉक्युमेंट करा, चेक करा. मदतीची पानं हाताने लिहायची नाहीत. फंक्शनच्या डोक्यावर रॉक्सिजन या पॅकेजच्या पद्धतीने टिपा लिहिल्या की ती पानं आणि नेमस्पेस दोन्ही त्यातून निघतात. नावात फक्त इंग्रजी अक्षरं, अंक आणि टिंब चालतं, सुरुवात अक्षरानेच हवी, त्यामुळे ‘लाखकोटी’ प्रत्यक्षात रोमन लिपीत आहे.

स्वल्पविरामाचा नियम रेगेक्समध्ये (मजकुरातले नमुने शोधायच्या सूत्रात) बसवायला मजा आली. आकडा डावीकडून वाचत जायचं. ज्या अंकाच्या उजवीकडे तीन, पाच, सात असे विषम संख्येने अंक उरतात, त्याच्यापाठोपाठ स्वल्पविराम. संपला नियम. हजार, लाख, कोटी, अब्ज असे वेगवेगळे फाटे फोडायची गरजच नाही. एका ओळीचा जीसब (शोधून बदलणारं फंक्शन), पर्ल पद्धतीचं रेगेक्स चालू ठेवून. दशांश असतील तर टिंबापाशी आकडा आधी तोडायचा आणि डाव्या भागालाच हा नियम लावायचा, नाहीतर पैशांतही स्वल्पविराम घुसतात.

खरी गंमत पुढे आहे. आकड्याची स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, करायला आपण सहज ॲज-कॅरेक्टर हे फंक्शन वापरतो. ९९,९९९ दिले तर नीट अंक मिळतात. १,२३,४५६ दिले तरी मिळतात. बरोबर एक लाख दिले की मिळतं ‘१ई+०५’. आर दोन्ही लिखाणांची लांबी बघतो आणि वैज्ञानिक पद्धतीचं लिखाण आखूड पडलं तर तेच देतो. एक लाख साधा लिहायला सहा जागा, वैज्ञानिक पद्धतीने पाच. दोन लाख, दहा लाख, एक कोटी, सगळ्यांचं तेच. म्हणजे लाख-कोटीच्या पॅकेजला नेमके लाख आणि कोटीच दगा देणार! आकडा इंटिजर (पूर्णांक) म्हणून आला तर हे होत नाही, पण फाइलमधून वाचलेला आकडा कधी कुठल्या प्रकारचा असेल याचा भरवसा नाही. शिवाय आरच्या इंटिजरची मजल २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ पर्यंतच. जरा मोठ्या बँकेच्या ठेवी त्यात मावायच्या नाहीत. म्हणून आत सगळीकडे फॉर्मॅटसी हे फंक्शन, ठरलेल्या दशांशांसह.

यातूनच टेस्टदॅट या पॅकेजने चाचण्या लिहायची सवय लागली. माझी चाचण्यांची फाइल आता मूळ कोडपेक्षा लांब आहे. ९९९, १,०००, ९९,९९९, १,००,०००, ९९,९९,९९९, १,००,००,००० : प्रत्येक उंबरठ्याच्या अलीकडे-पलीकडे एकेक. शिवाय रिकामा व्हेक्टर (किमतींची यादी) आणि एनए (नसलेली किंमत). एनएचं विशेष सांगतो. फॉरमॅट त्याची ‘एनए’ अशी दोन अक्षरी स्ट्रिंग करून टाकतो आणि ती मुकाट्याने तक्त्यात जाऊन बसते. एनए आत गेला तर बाहेरही खराखुरा एनएच आला पाहिजे, तो कसा दाखवायचा हे तक्ता करणाऱ्याने ठरवावं. यावर माझं मत पक्कं आहे.

आता देवनागरी. अंक बदलणं चार्टीआर या एका फंक्शनचं काम : दहा अंक इकडचे, दहा तिकडचे. माझ्या मशीनवर झकास चाललं. चेक लावला आणि वॉर्निंग आली की कोडच्या फाइलमध्ये आस्की (साधी इंग्रजी अक्षरं-चिन्हं) नसलेली अक्षरं आहेत, ती एस्केप करून, म्हणजे संकेतांकांनी, लिहा. कॉमेंटमध्ये एक वेळ चालतात, कोडमध्ये नाही. मग ० ते ९ हे यू+०९६६ ते यू+०९६फ अशा संकेतांनी लिहिले. वाचायला रुक्ष दिसतं, पण कुठल्याही एन्कोडिंगच्या मशीनवर फाइल फुटत नाही. हा नियम उगाच नाही, हे मैत्रिणीच्या जुन्या विंडोज लॅपटॉपवर कळलं. तिच्याकडे जुना आर होता आणि छापताना प्रत्येक मराठी अंकाच्या जागी कोनी कंसातला युनिकोड क्रमांक येत होता. विंडोजवर यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या सामावणारं एन्कोडिंग) मुळातून आलं ते आर ४.२.० पासून, २०२२ मध्ये. तिने नवा आर टाकला आणि प्रश्न मिटला. ज्यांना टाकता येणार नाही त्यांच्यासाठी मदतीच्या पानावर एक ओळ लिहिली आहे.

त्यानंतर मॅन्युअलची पीडीएफ अडली. उदाहरणाखाली मी हौसेने मराठी आउटपुट टिपेत लिहून ठेवलं होतं. पीडीएफ बनवणाऱ्या लाटेक्सने पहिल्याच मराठी अक्षराला हात वर केले : हे अक्षर माझ्याकडे बसवलेलं नाही. त्यासाठी मराठी अक्षरं जाणणारा झी-लाटेक्स लावण्यापेक्षा ती टीपच काढली. उदाहरण चालवलं की आउटपुट दिसतंच. मराठीतलं सविस्तर विवेचन व्हिनेटमध्ये (पॅकेजसोबतच्या लेखात) जाईल, ते एचटीएमएलमध्ये असतं आणि तिथे ही कटकट नाही.

मजकूर हाताळणारं स्ट्रिंगआय पॅकेज वापरलं असतं तर काही गोष्टी सोप्या झाल्या असत्या, हे खरं. पण एवढ्याशा कामासाठी दुसऱ्याच्या पॅकेजवर टेकायचं नाही असं ठरवलं. इम्पोर्ट्सची (लागणाऱ्या इतर पॅकेजांच्या यादीची) जागा रिकामी आहे आणि ती तशीच राहावी.

कोड आटोपल्यावर मामाला नमुन्याचा तक्ता पाठवला. त्याचा तासाभरात फोन.

“अरे, तोटा उणे चिन्हाने कोण लिहितं? कंसात लिही.”

“मामा, ते पर्याय म्हणून ठेवतो.”

“ठेव. आणि शून्य असेल तिथे शून्य नको, आडवी रेघ दे. आणि हे बघ, अडीच हजारांचं दोन हजार कसं केलंस?”

तक्ता हजारांत होता, पूर्णांकांपर्यंत. आर २.५ चं २ करतो आणि ३.५ चं ४. बरोबर अर्ध्यावर असेल तर जवळच्या सम अंकाकडे जायचं असा मानक नियम आहे. मोठ्या बेरजांमध्ये चूक एकाच बाजूला साठू नये हा त्यामागचा हेतू. मी मामाला हे समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ते ठीक आहे, पण सभासद उभा राहून विचारेल तेव्हा तू येणार आहेस का?”

तर ऋण आकडे कंसात दाखवायचा पर्याय आला, शून्यासाठी चिन्हाचा पर्याय आला. अर्ध्याचं मात्र मी पॅकेजमध्ये घेतलं नाही. आकडा बदलणं आणि आकडा दाखवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि ‘लाखकोटी’ने फक्त दाखवावं. मामाच्या स्क्रिप्टमध्ये अर्धा वर ढकलणारं दोन ओळींचं फंक्शन वेगळं ठेवलंय. तुमच्यापैकी कुणाला हे पटणार नाही, माहीत आहे.

क्रॅनवर, म्हणजे आरच्या पॅकेजांच्या अधिकृत भांडारात, पाठवायचं की नाही हे अजून ठरलेलं नाही. तिथे २०,००० हून जास्त पॅकेजं आहेत आणि तपासणारी माणसं मोजकी, त्यामुळे बारीकसारीक गोष्टींत ती काटेकोर असतात. शीर्षक टायटल केसमध्ये (मुख्य शब्दांची पहिली अक्षरं मोठी) हवं, वर्णनाची सुरुवात ‘हे पॅकेज’ अशी नको, प्रत्येक फंक्शन काय परत देतं ते लिहिलेलं हवं. हे सगळं करून ठेवलंय. स्पेलिंग तपासणीने लाख आणि देवनागरी या शब्दांकडे बोट दाखवलं, ते वर्डलिस्टमध्ये टाकले. गिटहबवर दर बदलागणिक मॅक, विंडोज आणि लिनक्स तिन्हीकडे चेक आपोआप धावतो, तेवढ्याने सध्या माझं भागतं.

आता हातात आहे ते आकडे शब्दांत लिहिणारं फंक्शन. मराठीत शंभरापर्यंत नियमाने फार काही बांधता येत नाही, सरळ यादीच लागते. ती आर नावाच्या फोल्डरमधल्या सिसडेटा या अंतर्गत डेटाच्या फाइलमध्ये ठेवली आहे, म्हणजे कोडमध्ये एस्केपची भेंडोळी नकोत. अडलंय ते अपूर्णांकांपाशी. १.५ लाखाचं दीड लाख, २.५ चं अडीच, ३.५ पासून पुढे साडे. १.२५ म्हणजे सव्वा लाख पण २.२५ म्हणजे सव्वादोन. १.७५ ला पावणेदोन, ०.७५ ला पाऊण. हे पाच-सहा अपवाद हाताने लिहून होतील. पण १.५१ आलं तर ‘सुमारे दीड’ म्हणायचं की सरळ एक लाख एक्कावन्न हजार? मी सध्या दुसरं धरलंय. शिवाय एकोणपन्नास लिहायचं की एकुणपन्नास, यावर घरातच दोन तट आहेत. पर्याय ठेवावा का? ज्यांनी पावत्या किंवा धनादेश छापायचं काम केलंय त्यांनी आपली पद्धत कळवा, पुढच्या आवृत्तीत तीच धरतो.