कोऱ्या इलेक्ट्रिक छोट्या हत्तीवर काय चढवलं, काय नाही

गाडी टाटाची एस प्रो, इलेक्ट्रिक. जून 2025 मध्ये बाजारात आली तेव्हापासून डोक्यात घोळत होती, शेवटी कापसाच्या हंगामाआधी दारात आली. बॅटरी 14.4 किलोवॉट-तासांची, म्हणजे आपल्या मीटरच्या भाषेत 14.4 युनिट. माल न्यायची क्षमता 750 किलो, कागदावरची रेंज 155 किलोमीटर. भरल्या गाडीने मी शंभराच्या पुढे भरवसा ठेवत नाही, आणि हिंगणघाटला जाऊन यायला त्याच्या निम्मेही लागत नाहीत. कापूस जिनिंगला, सोयाबीन-तूर बाजार समितीत, येताना खताच्या गोण्या, लग्नसराईत मंडपवाल्याच्या खुर्च्या. एवढं तिचं काम.

ॲक्सेसरीजचा विषय निघाला की आपल्यातले अर्धे लोक अमेरिकेच्या स्लेट या गाडी कंपनीचे व्हिडिओ पाठवतात. एप्रिल 2025 मध्ये त्यांनी ती पिकअप दाखवली: काचा हाताने फिरवायच्या, रेडिओ नाही, रंगही नाही, राखाडी प्लॅस्टिकची बॉडी. बाकी शंभरावर वस्तू ज्याने त्याने हव्या तशा लावून घ्यायच्या. कल्पना मलाही आवडते. पण त्या गाडीची सगळ्यात लहान बॅटरी 52.7 युनिटांची आहे, आपल्या साडेतीन पटीहून जास्त. तिथे चार दिवे जास्त लावले तर कुणाला कळणार नाही. इथे कळतं. म्हणून प्रत्येक वस्तूला मी तीनच प्रश्न विचारतो: वजन किती, वीज किती खाते, आणि कंपनीच्या मूळ वायरिंगला कात्री लागते का?

दिवाळीच्या आधी

पहिला खर्च गाडीवर केलाच नाही, गोठ्याच्या भिंतीवर केला. तुम्हीही तेच करा. गाडी येण्याआधी करा.

घराच्या मीटरपासून गोठ्यातल्या सॉकेटपर्यंत चाळीस मीटर अंतर. तिथे आधीपासून एक वायर गेली होती, दीड एमएमची, एका बल्बसाठी. गावातल्या वायरमनचं म्हणणं, "तांबंच आहे ना भाऊ, कायले बदलता?" हिशेब असा. दीड एमएम तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला 12 ओहमच्या आसपास. जाऊन-येऊन 80 मीटर, म्हणजे जवळपास 1 ओहम. चार्जर 14 अँपियर ओढतो असं धरा. 14 व्होल्ट वाटेतच गेले, आणि दोनशेच्या जवळ वॉट वायर तापवण्यात खर्च झाले, तेही रात्रभर, कुटाराच्या ढिगाच्या वरून. तीच वायर 4 एमएमची घेतली तर नुकसान पाच व्होल्टांच्या आसपास येतं. अडीच एमएमने भागलं असतं, पण आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज तसंही खाली बसतं, त्यात वायरने आणखी खायला नको. शेवटी 4 एमएम तांबं, स्वतंत्र एमसीबी, 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) आणि निळा इंडस्ट्रियल सॉकेट. घरातला साधा 16 अँपियरचा प्लग इस्त्रीसाठी ठीक. पाच-सहा तास सलग पूर्ण लोडवर तो पिवळा पडतो, मग काळा.

अर्थिंगचा विषय आपल्या भागात वेगळाच आहे. काळी माती पावसाळ्यात रॉडला घट्ट धरते, तेव्हा अर्थ उत्तम. एप्रिल-मेमध्ये हातभर भेगा पडतात, रॉडभोवतीची माती सुटते आणि रोध चढतो. डिसेंबरात बिनतक्रार चालणारा चार्जर मे महिन्यात लाल दिवा दाखवायला लागला, तर दोष चार्जरचाच असेल असं नाही. म्हणून 3 मीटरचा रॉड न्हाणीचं पाणी जिथे मुरतं तिथे ठोकला. त्या जागेला बारा महिने ओल असते, वेगळं पाणी घालायची आठवण ठेवावी लागत नाही.

काही जण अर्थचा लाल दिवा घालवायला सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रललाच जोडून देतात. दिवा जातो, चार्जिंग सुरू होतं, सगळे खूश. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला तर गाडीचा अख्खा पत्रा करंट धरतो. गोठ्यात उभी गाडी, शेजारी ओल्या जमिनीवर बैलजोडी. मी पुढे लिहीत नाही.

घरगुती कनेक्शनचा मंजूर भार 1 किलोवॉट असेल तर महावितरणकडे वाढवून घ्या. शेतीपंपाच्या लाईनवर गाडी चार्ज करू नका. तो दर पंपासाठी आहे, आणि तिथली थ्री फेज कधी दिवसा तर कधी रात्री येते. आम्ही गावठाण फीडरच्या सिंगल फेजवर आहोत, रात्री साडेदहानंतर लावतो. तोवर बायकोची घरगुती चक्की बंद झालेली असते. ही वेळ तिनेच ठरवून दिली आहे.

कापसाचा हंगाम

कापसाची गंमत अशी की हौदा भरतो पण वजन भरत नाही. बाजू उंच करणं भाग. वेल्डरकडे गेलो तर त्याचा बेत तयारच: 35 चा जाड अँगल, खाली चेकर प्लेट, मागे पाय ठेवायला पायरी. "असा दमदार करून देतो भाऊ, खरा हत्ती उभा राह्यला तरी वाकणार नाही." डिझेल गाडीला हे सगळे करतात, त्यामुळे त्याचं चूक नाही. पण 35×35×5 चा अँगल मीटरला 2.6 किलो भरतो. जाळीला साधारण 25 मीटर लागतो, म्हणजे 65 किलो. चेकर प्लेट 3 एमएमची, चौरस मीटरला 25 किलोच्या आसपास. आपला हौदा 30 चौरस फुटांचा धरला तर ते झाले 70. दोन्ही मिळून 135 किलो. साडेसातशेतून हे गेले की युरियाच्या 45 किलोच्या तीन गोण्या दर खेपेला दुकानातच राहिल्या. आणि रिकामी येतानाही ते लोखंड बॅटरी ओढतेच.

त्याऐवजी 25 चा चौकोनी पाईप, 1.6 एमएम जाडीचा. मीटरला सव्वा किलोच्या आत, पूर्ण चौकट तीस किलोला पोचली. मध्ये लोखंडी जाळीऐवजी नायलॉनचं जाळं. तळाला प्लेट नाही, फक्त रबरी मॅट. चौकट पिनांवर बसते, सोयाबीनच्या वेळी दोघे जण उचलून बाजूला ठेवतो. कायमची उंची वाढवली की तो बॉडीतला बदल ठरतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच, विमावालाही तिथेच बोट ठेवतो. काढता येणारी असली तरी आरटीओला एकदा विचारून घेतलेलं बरं.

वेल्डिंगबद्दल एकच सांगतो: गाडीवर नको. चौकट जमिनीवर वेल्ड करून आणा, गाडीला बोल्टने बसवा, आणि बोल्टही कंपनीने दिलेल्या भोकांतच. चासीला इलेक्ट्रोड लावायचीच वेळ आली तर आधी सर्व्हिस सेंटरकडून हाय व्होल्टेज तोडून घ्या, 12 व्होल्टचा निगेटिव्हही सोडा. वेल्डिंगचा करंट परतीची वाट शोधताना कंट्रोलरमधून गेला तर दुरुस्तीचा आकडा ऐकवणार नाही. आणि नारिंगी केबल, म्हणजे हाय व्होल्टेजची, दिसली की तिथून हात मागे, मग वायरमन कितीही ओळखीचा असो.

अग्निशामक घेतला, एबीसी पावडरचा, सीटमागे. सोबत वीस लिटरची पाण्याची कॅन, कारण कापूस आतून धुमसतो आणि पावडर आत पोचत नाही. लोक विचारतात बॅटरी पेटली तर? मला भीती बिडीची वाटते. हौद्यावर बसणाऱ्यांचे खिसे आधी तपासतो.

मागे लाल, पुढे पांढरी, बाजूंना पिवळी चमकणारी पट्टी लावली. संध्याकाळी नॅशनल हायवे 44 ओलांडावा लागतो, तिथे दिसणं महत्त्वाचं. या सगळ्या यादीत वजनही नाही आणि वीजही नाही अशी ही एकच वस्तू.

12 व्होल्टची भानगड

नवीन लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. मोठी बॅटरी पूर्ण भरलेली, तरी गाडी सुरू होत नाही, असं होऊ शकतं. मोठ्या बॅटरीला मोटरशी जोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठे स्विच, 12 व्होल्टवर उघडतात-मिटतात. ती छोटी बॅटरी बसली की आत 14 युनिट असून उपयोग नाही. गाडी चालू असताना डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून तिला भरत राहतो, बंद असताना नाही.

आता डॅशकॅम पार्किंग मोडवर ठेवला, 5 वॉटचा. दिवसाला 120 वॉट-तास. 35 अँपियर-तासाच्या बॅटरीत जेमतेम 420. झडीत गाडी आठवडाभर उभी राहिली की चौथ्या दिवशी खेळ खलास. म्हणून माझ्याकडची प्रत्येक जादा वस्तू चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या लाईनवर, रिलेमधून, स्वतंत्र फ्यूज लावून. डॅशकॅम घेतलाच नाही. हौद्यात एक एलईडी दिवा, 18 वॉटचा, रात्री उतरवताना लागतो. पुढे मोठा लाईट बार लावायचा पुतण्याचा आग्रह आहे. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवायचे आणि वर चलान भरायचं, कशासाठी?

हॉर्न मात्र विचारपूर्वक घ्या. गाडी हळू असताना आवाज येत नाही. माणसं दचकतात, बकऱ्या तर हलतच नाहीत. कर्कश हॉर्नने बैल बिथरतात. मी पोळ्याची जुनी घुंगरमाळ पुढच्या बंपरच्या आत बांधली आहे. खडबडीत गल्लीत छान वाजते, डांबरी रस्त्यावर गप्प. वीज शून्य.

मे

पारा 45 च्या वर. एसी नाही, आणि बसवायचाही नाही. 1 किलोवॉटचा एसी चार तास चालला तर 4 युनिट, पाव बॅटरीहून जास्त. 20 वॉटचा पंखा तेवढ्याच वेळात 0.08 युनिट खातो. केबिनच्या टपावर पांढरा उष्णतारोधक रंग, आतून फोमचा थर, पंखा, आणि भिजवलेला दुपट्टा. एवढ्यावर मे निघाला. 12 व्होल्टचा कूलर वाळ्याच्या पडद्यासकट ऑनलाईन मिळतो, पाहून हसलो आणि नंतर परत एकदा पाहिला.

दुपारी भरून आलो की लगेच चार्जिंगला लावत नाही. सेलला गर्मी आवडत नाही. लिंबाखाली उभी करतो, रात्री लावतो. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं, त्यामुळे टक्केवारीचा अंदाज हळूहळू चुकू लागतो. अधूनमधून पूर्ण 100 टक्के भरली की तो ताळ्यावर येतो.

टायर बदलायचा मोह इथेच आवरा. जाड नक्षीचे, रुंद टायर दिसतात भारी, पण रस्त्यावर जास्त ओढतात आणि रेंज खातात. कंपनीचेच ठेवले, हवा दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे. हवा मोजायचं मीटर, 12 व्होल्टचा छोटा कंप्रेसर आणि पंक्चरची वात या तीन वस्तूंनी पैसे सगळ्यात लवकर वसूल केले. धुऱ्यावरच्या बाभळी कृपा करत असतातच. जाळी लावून ताडपत्री फुगलेली असेल तर 60 ऐवजी 45 ने चालवा. वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 45 ला तो 60 च्या निम्म्याच्या थोडा वर राहतो.

मृग

ताडपत्री नवीन घेतली, कडेला पितळी डोळे असलेली, आणि हौद्याच्या बाहेरून दोर बांधायला आकडे बसवले. चिखल खालून प्रेशर पंपाने धुताना कनेक्टरवर थेट धार मारू नका. आयपी 67 (पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा) म्हणजे 1 मीटर पाण्यात अर्धा तास, तेही साचलेल्या पाण्यात. प्रेशर पंपाच्या धारेची परीक्षा वेगळी असते. "पाण्यात गाडीले करंट नाही मारत का?" हा प्रश्न गावात रोज येतो. नाही मारत. तरी नाल्याला पूर असताना घालायची नाही, वाहतं पाणी डिझेल-इलेक्ट्रिक बघत नाही.

शेवटची खरेदी: ओढायचा पट्टा आणि चाकाखाली टाकायला दोन फळ्या. काळ्या चिखलात रुतली की ट्रॅक्टर लावून चार हात बाहेर काढा, तेवढं चालतं. पण बंद पडलेली गाडी दोर लावून गावापर्यंत ओढत नेऊ नका. मागची चाकं फिरली की मोटर फिरते आणि वीज तयार करते, ती वीज कंट्रोलरला सोसवेलच असं नाही. मागची चाकं उचलून, नाहीतर दुसऱ्या गाडीवर चढवून न्या. हे ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोरांना आधीच सांगून ठेवलंय, आणि मागच्या फाळक्यावर पेंटरकडून लिहूनही घेणार आहे.