सरांची पांढरी तीन

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेविषयी काही लिहावे, असे पत्र आले तेव्हा मी तत्काळ होकार कळवला. परंतु लिहायला बसल्यावर ध्यानात आले की शाळेविषयी म्हणून मला जे काही सांगायचे आहे, ते सगळे संगीताच्या सरांविषयीच आहे. बाकीच्या गुरुजनांनी मला क्षमा करावी. गणिताच्या बाई करणार नाहीत, त्यांनी तेव्हाही केली नव्हती.

सरांची पायपेटी कुठे असे, हे आपल्यापैकी कोणाला सांगायला नको. जून लागला की समुद्रावरची खारी, दमट हवा संगीताच्या त्या खोलीत कोंडून राही, लाकूड फुगे आणि दाबलेली पट्टी वर येण्याचे नाव घेत नसे. त्यावर उपाय म्हणून सर पेटीच्या मागे एक पिवळा बल्ब दिवसरात्र जळत ठेवत. पण वीजच गेली की तोही इलाज संपे. अशाच एका श्रावणात, गीतापठणाच्या आदल्या दिवशी, पेटीच्या बहुतेक काळ्या पट्ट्या अडकून बसल्या. आता कार्यक्रम रद्द होणार, म्हणून आम्ही मनातून खूश झालो होतो. सरांनी मला पेटीवर बसवले आणि म्हणाले, "काळ्यांकडे बघूच नकोस. पांढरी तीन षड्ज धर आणि सरळ वर चढ." पांढरी तीन म्हणजे सप्तकातली तिसरी पांढरी पट्टी, तिलाच 'सा' मानायचे. मी एकेक पांढरी पट्टी दाबत गेले. रिषभ कोमल लागला, गंधार कोमल, मध्यम शुद्ध, पुढे धैवत आणि निषादही कोमल, आणि तार षड्जाला पोहोचेपर्यंत माझ्या हातून भैरवी वाजून गेली होती. सप्ताहात पहाटे ऐकू येणारी, दशावताराच्या शेवटी झोपेतही कानावर पडणारी भैरवी एकाही काळ्या पट्टीला हात न लावता निघते, याचे मला इतके नवल वाटले की सरांनी अंधार पडेपर्यंत तोच आरोह घोटून घेतला, तरी कंटाळा आला नाही. दुसऱ्या दिवशी वर्गाने 'यदा यदा हि धर्मस्य' त्याच सुरांत म्हटले.

पुढे मी मुंबईत पियानो शिकू लागले आणि एका ध्वनिमुद्रणात तो आरोह मला पुन्हा भेटला. फिलिप ग्लास या अमेरिकन संगीतकाराचा 'सत्याग्रह' हा ऑपेरा गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतील लढ्यावर आहे, तो संस्कृतात गायला जातो आणि त्याचे सगळे शब्द गीतेतले आहेत. अखेरच्या प्रवेशात गांधीजींची भूमिका करणारा गायक चौथ्या अध्यायातले श्लोक म्हणतो, त्यांत आमचा 'यदा यदा हि' सुद्धा येतो, आणि त्यासाठी ग्लास यांनी योजलेली चाल म्हणजे पांढऱ्या तीनपासून वरच्या पांढऱ्या तीनपर्यंत चढत जाणारे आठ सूर, पुन्हा पुन्हा तेच. पाश्चात्त्य संगीतात या श्रेणीला फ्रिजियन म्हणतात. मी मात्र तेव्हा ताडकन उठून बसले, कारण माझ्या लेखी तो सरांचा श्रावणातला तास होता.

मग या माणसाचे चरित्र मी मिळेल तिथून वाचले. जन्म 1937 चा, बाल्टिमोरचा. वडिलांचे रेकॉर्डचे दुकान. पंधराव्या वर्षी शिकागो विद्यापीठात प्रवेश, नंतर न्यूयॉर्कच्या ज्युलिअर्ड संगीत विद्यालयातले शिक्षण, आणि एवढे झाल्यावरही पॅरिसला नादिया बुलाँजे या संगीतशिक्षिकेपुढे पुन्हा अगदी पहिल्या धड्यापासून बसणे. (सर नवीन येणाऱ्याला, मग तो कुठलीही परीक्षा देऊन आलेला असो, आधी अलंकारच, म्हणजे सुरांचे प्राथमिक पलटे, वाजवायला लावत, त्याची इथे आठवण होते.) पॅरिसमध्येच त्यांना पंडित रविशंकर यांचे चित्रपटसंगीत पाश्चात्त्य वादकांसाठी लिहून काढण्याचे काम मिळाले. तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ होते. ग्लास यांनी लिहिलेल्या स्वरलिपीतले वजन उस्तादांना काही केल्या पटेना. सगळे सूर सारखेच, असे ते सांगत राहिले. शेवटी ग्लास यांनी मात्रांचे गट पाडणाऱ्या उभ्या रेघाच खोडून टाकल्या, तेव्हा कुठे त्यांना तालाचे आवर्तन दिसले, आणि त्यांच्या पुढच्या संगीताचा पाया तिथे पडला. त्यांचा पहिला ऑपेरा 1976 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये झाला, तरी त्यानंतरही ते टॅक्सी चालवत होते. 'सत्याग्रह' 1980 मध्ये रॉटरडॅमला रंगमंचावर आला तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती.

आज मी दादरला पियानो शिकवते आणि ग्लास यांच्या वीस एट्यूडांपैकी, म्हणजे सरावाच्या रचनांपैकी, काही जाहीर कार्यक्रमांत वाजवते. यांतले पहिले दहा त्यांनी स्वतःचा हात सुधारावा म्हणून लिहिले होते, हे पालकांना सांगितले की मुलांच्या रियाजाविषयीच्या तक्रारी थोड्या कमी होतात. स्वतः केलेल्या दोन-तीन रचनाही वाजवते. त्यांना कोणी नावीन्यपूर्ण म्हटले की मला संकोच वाटतो, कारण त्या सरांच्या पलट्यांतूनच निघालेल्या आहेत, आणि हे मुंबईत कोणाला समजावून सांगणार?

मागच्या मे महिन्यात शाळेत जाऊन आले. चिऱ्याची जुनी इमारत पाडली, ते एक वेळ समजू शकते. पण प्रार्थना आता मोबाईलवरून स्पीकरवर लावतात आणि मुले नुसती उभी राहतात, हे मला रुचले नाही आणि ते इथे लिहिल्याबद्दल संपादक मंडळ रागावणार असेल तर रागावो. संगीताच्या खोलीत संगणक आहेत. पायपेटी जिन्याखाली, तुटक्या बाकांच्या आड सापडली. भाता फाटला आहे, काही सुरांच्या पितळी पत्त्यांवर हिरवा गंज चढला आहे, पण पेटीला वाळवी लागलेली नाही.

समारंभाच्या संध्याकाळी मला पंधरा मिनिटे दिली आहेत. समितीने भाड्याने कीबोर्ड आणण्याची तयारी दाखवली, ती मी नम्रपणे नाकारली आहे. 'सत्याग्रह'च्या वाद्यमेळात ऑर्गनही आहे, तेव्हा त्याचा शेवट आपल्या पायपेटीवर शोभेल, असे माझे मत आहे. गावातल्या दशावतारी मंडळाच्या पेटीवाल्यांनी भाता बदलून सूर लावून द्यायचे कबूल केले असून खर्च मी करणार आहे. पेटी जिन्याखालून त्यांच्या घरी पोहोचवायला चार धडधाकट माजी विद्यार्थी मात्र हवे आहेत; त्यांनी कृपया गणेशचतुर्थीपूर्वी शाळेच्या कार्यालयात नावे द्यावीत.