अडॉल्फ मुश्ग ऑनलाइन किती पॉप्युलर? मोजायला बसले तेव्हाचा माझा अनुभव

जर्मनच्या क्लासला मॅडमनी प्रोजेक्ट दिला, एक स्विस लेखक घ्या आणि त्याला ऑनलाइन किती लोक शोधतात ते मोजून आणा. मी अडॉल्फ मुश्ग घेतले. झुरिकच्या ईटीएच या तंत्र विद्यापीठात १९७० ते १९९९ जर्मन साहित्याचे प्रोफेसर होते, आणि पहिली कादंबरी 'इम झोमर डेस हाझन' (१९६५) जपानवरची, कारण त्याआधी ते टोकियोत शिकवायला होते. मला ती मनापासून आवडलीय म्हणून मुश्गच.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. मी नुसतं आडनाव टाकलं आणि भराभरा आकडे शीटमध्ये उतरवले, नंतर एकेक लिंक उघडून बघते तर कितीतरी ठिकाणी वाल्टर मुश्ग! हे त्यांचे सावत्र भाऊ, ३६ वर्षांनी मोठे, आणि तेपण साहित्याचेच प्रोफेसर, बाझलला. त्यामुळे 'मुश्ग प्रोफेसर' असं शोधून काही उपयोग नाही, दोघंही येतात. सगळी शीट पुसली, पूर्ण नाव अवतरणात टाकून परत सुरू केलं. गूगल ट्रेंड्समध्ये (कुठला शब्द किती शोधला जातो ते दाखवणारं टूल) तर नाव टाइप केल्यावर खाली जो 'टॉपिक' येतो तोच निवडा, नाहीतर तो फक्त अक्षरं जुळवत बसतो.

ट्रेंड्समधले आकडे ० ते १००, पण १०० म्हणजे शंभर माणसं नव्हेत, निवडलेल्या काळातला सगळ्यात वरचा टप्पा म्हणजे १०० आणि बाकी सगळं त्याच्या प्रमाणात. मी शेजारी ड्युरेनमाट या दुसऱ्या स्विस लेखकाला ठेवलं तर मुश्गांची रेघ पार तळाला टेकली. वाईट वाटलं खरं, पण ड्युरेनमाटची पुस्तकं तिकडे शाळेत अभ्यासाला असतात, पोरं परीक्षेसाठी शोधणारच ना, त्यांच्याशी तुलना मला तरी पटत नाही.

मग विकिपीडियाचे पेजव्ह्यूज काढले, म्हणजे पान किती वेळा उघडलं गेलं ते. इथे खरे आकडे मिळतात, दिवसागणिक, भाषेगणिक. 'एजंट'मध्ये 'युजर' ठेवायचं म्हणजे बॉट, म्हणजे आपोआप पानं उघडणारे प्रोग्राम, बरेचसे गळतात, आणि रिडायरेक्टवरून, म्हणजे दुसऱ्या नावाच्या पानावरून आपोआप इकडे वळून, आलेले लोक वेगळे मोजावे लागतात हे मला फार उशिरा कळलं, तोवर अर्धं काम झालेलं.

आलेख डावीकडे सरकवत गेले तर जुलै २०१५ला तो संपलाच. त्याच्या मागचा डेटाच या टूलमध्ये नाही. ट्रेंड्समधला डेटा २००४पासूनचा. आणि मुश्गांचं बघा, पार्त्सिफाल या मध्ययुगीन कथेतल्या सरदारावरची कादंबरी 'डेअर रोटे रिटर' १९९३, जर्मन साहित्यातला ब्युखनर पुरस्कार १९९४, निवृत्ती १९९९, बर्लिनच्या कला अकादमीचं अध्यक्षपद २००३ ते २००५. म्हणजे माणसाच्या कामाचा ऐन बहर बहुतेक मोजपट्टी यायच्या आधीच होऊन गेलेला! मी दोन आठवडे ज्याला त्यांची लोकप्रियता म्हणत होते ती म्हातारपणी कुणीतरी नाव ऐकून पान उघडल्याची नोंद होती.

मग शीटमध्ये सगळ्यात वर एक ओळ घातली, डेटा कुठून सुरू होतो ती तारीख, आणि त्याखाली पुस्तकं-पुरस्कारांची वर्षं लाल रंगात. मॅडमनी ती शीट प्रोजेक्टरवर लावली आणि लाल ओळींवर बोट ठेवून क्लासला विचारलं, "ह्यातलं कुणी काय वाचलंय?" हात माझा एकटीचाच वर होता. सुट्टीत दोघीजणी कादंबरी मागायला आल्या, एकीला दिलीय, दुसरी नंबर लावून बसलीय.