जी-पेन अपडेट: शाई का फुटत होती ते सापडलं!

मंडळी, सापडलं एकदाचं! तीन आठवडे झाले या निबशी भांडतेय, पण काल रात्री माझ्या कॉमिकच्या पान ११ चं शेवटचं पॅनल (चौकट) इंक केलं आणि एक रेघ फुटली नाही.

मागे सांगितलं होतं ना, ब्रश पेन बाजूला ठेवून झेब्रा कंपनीच्या जी निबवर (म्हणजे जी-पेन, शाईत बुडवून वापरायची टोकदार निब) आलेय. नव्या निबवरचा तेलाचा थर टूथपेस्टने घासून काढला, शाई नीट धरायला लागली, इथपर्यंत झकास. पण रेघ मारली की दोन्ही बाजूंनी बारीक केस फुटायचे. रावेरच्या केळीच्या बागेचं पान आहे, सगळा खेळ पानांच्या शिरांचा, तिथे असं झालं की पॅनल गेलंच समजा. शाई बदलली, निब बदलली, ऑनलाइन मागवलेलं महागडं पॅड सोडून साधा कार्ट्रिज पेपर घेतला, तरी तेच.

मग एकदा लक्षात आलं की सकाळी सहाला काढलेलं पॅनल करकरीत आणि त्याच पानावर दुपारी काढलेलं फुटलेलं. शाई तीच, निब तीच. दुपारी वेगळं काय, तर कूलर! भुसावळचा मे, पारा ४५ च्या आसपास, कूलरशिवाय बसणार कोण, आणि त्याची दमट हवा थेट माझ्या टेबलावर. खात्री करायला एक कागद प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवला, एक दोन तास कूलरसमोर, मग दोन्हींवर त्याच निबने रेघा मारल्या. पिशवीतला स्वच्छ, कूलरसमोरचा फुटलेला.

कूलर बंद केला तर दुसरंच दुखणं. कोरड्या गरम हवेत निबच्या चिरेतच शाई वाळते, चार रेघा झाल्या की पाचवी नुसती ओरखडा. वॉटरप्रूफ शाईत लाख असते, ती एकदा वाळून बसली की खरवडावी लागते. आता दर दोन-तीन मिनिटांनी निब पाण्यात बुडवून सुती फडक्याने पुसते, आणि छोट्या बाटलीत थोडी शाई वेगळी काढून त्यात ग्लिसरीन टाकलंय. पहिल्यांदा पाच थेंब टाकले तर शाई वाळेचना, हात लागून अख्खं पॅनल फासलं, रडू आलं खरंच. आता एकच थेंब, आणि इन्व्हर्टरसाठी आणलेल्या डिस्टिल्ड वॉटरचे दोन. काल केळीच्या पानाची मधली शीर देठाकडे जाड आणि टोकाला केसासारखी, एका दमात, हात न उचलता आली! ब्रश पेनने मला अशी कधीच जमली नव्हती.

निब घेताना एक बघा, एका ऑनलाइन विक्रेत्याने दोन निबा सुट्ट्या पाकिटात घालून पाठवल्या, दोन्हींची टोकं वाकलेली. डबीत येणाऱ्याच घ्या. आणि हंट १०२ ही दुसरी निब घ्यायचा विचार असेल तर होल्डर वेगळा लागतो, तिचं बूड बारीक गोल असतं, जी-पेनच्या होल्डरमध्ये बसत नाही.

पुढचं पान पहाटे पाचला, कूलर सुरू व्हायच्या आत, असं ठरवलं होतं. पण हे टाइप करतानाच आठवलं, कॅलिग्राफीवाले शाई फुटू नये म्हणून गम अरेबिक घालतात, म्हणजे बाभूळवर्गातल्या झाडाचाच डिंक की! बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो आणि आमच्या शेताच्या बांधावर बाभळी आहेत. म्हणजे पान १२ आता थांबलं, उद्या आधी डिंक भिजत घालते आणि कूलर चालू ठेवूनच टेस्ट करते. किती घट्ट पाणी करायचं हे कुणी करून बघितलं असेल तर सांगा.