पावसाळी ताप, धाप आणि फुप्फुसातली सूज

ठाण्याच्या कळवा, मुंब्रा, दिवा भागात पाणी साचलं की आठ-पंधरा दिवसांत लेप्टोचे (उंदरांच्या मूत्रातून पाण्यात मिसळणाऱ्या जंतूंमुळे येणाऱ्या तापाचे) पेशंट दिसू लागतात. बहुतेक जण औषधांनी बरे होतात. एखाद्याला मात्र ताप आणि पोटऱ्यांच्या दुखण्यापाठोपाठ धाप लागते आणि एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं पांढरी दिसतात. फुप्फुसांच्या या सुजेला डॉक्टर एआरडीएस म्हणतात. सुरुवात जंतूने केलेली असते, पण पुढची बरीचशी नासधूस आपल्याच पांढऱ्या पेशींची.

वायुकोश आणि रक्तवाहिनी यांच्यातला पडदा एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. धोक्याची चाहूल लागली की वायुकोशातल्या मॅक्रोफेज (पहारेकरी) पेशी टीएनएफ, आयएल-१, आयएल-८ ही दाह वाढवणारी रसायनं सोडतात. आयएल-८च्या ओढीने न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात आणि इलास्टेज हे प्रथिनं तोडणारं रसायन ओततात. त्यात जंतूंबरोबर पडदाही जळतो. प्रथिनं मिसळलेलं पाणी कोशांत झिरपतं, कोश उघडे ठेवणारा सरफॅक्टंटचा थर निकामी होतो, कोश मिटतात. मिटलेल्या कोशांजवळून रक्त ऑक्सिजन न घेताच पुढे जातं, म्हणून मास्कचा ऑक्सिजन वाढवूनही ऑक्सिमीटरचा आकडा फारसा हलत नाही.

व्हेंटिलेटरवर खरी चूक होते ती एका श्वासात किती हवा द्यायची हे ठरवताना. १६५ सेंटीमीटर उंचीच्या पुरुषाचं वजन काट्यावर ८५ किलो भरलं, तरी हिशेब उंचीवरून करायचा: ५० + ०.९१ × (१६५ − १५२.४), म्हणजे साडेएकसष्ट किलो. किलोमागे ६ मिली धरले तर एक श्वास ३७० मिलीचा. ८५ किलो धरले तर तोच ५१० होतो. चरबी वाढली म्हणून फुप्फुस वाढत नाही! जास्तीची हवा उरल्यासुरल्या चांगल्या कोशांत घुसते, ते ताणले जातात आणि ताणलेल्या पेशी स्वतःच दाहक रसायनं सोडतात. या आजाराच्या रुग्णांवरच्या २०००च्या अमेरिकी चाचणीत किलोमागे १२ऐवजी ६ मिली दिल्यावर मृत्यू ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. आयसीयूत मोजपट्टी हाताशी हवीच.

आजार तीव्र असेल तर पेशंटला दिवसाला किमान १६ तास पालथं ठेवतात, त्याने पाठीकडचे मिटलेले कोश उघडतात. सलाइन जपून द्यावं लागतं. रक्तदाब सावरल्यावरही ते चालूच ठेवलं तर त्याच फाटक्या पडद्यातून झिरपतं.

घरच्यांनी श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. मोठ्या माणसाचे स्वस्थ बसून २४च्या वर गेले, ऑक्सिजन ९४च्या खाली आला किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर आयसीयू असलेलं रुग्णालय त्याच रात्री गाठा.